घाटात तापते, गावात गार पडते

तक्रार एका वाक्याची होती: खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकतो, पुण्यात फिरवताना गाडीला काहीच होत नाही. चार सिलिंडरची १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, वय अकरा वर्षं, धाव १ लाख १२ हजार किलोमीटर. गाडीसोबत निदानही आलं होतं. आधीच्या गॅरेजने हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उघडावं लागेल, असं सांगितलं होतं आणि तीन पुरावे दिले होते. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय, सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि जमिनीवर थेंब पडत नसताना दर हजार किलोमीटरला तीन-चारशे मिली पाणी कमी.

तिन्ही खुणा हेड गॅस्केटच्या आहेत हे खरं. पण त्याच तीन खुणा दुसऱ्या कारणांनीही दिसतात, आणि त्या कारणांवरचा इलाज हेड उघडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी नेमकी कधी तापते ते विचारून घ्यायचं. सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि चालू लागली की उतरते, तर संशय पंख्यावर. चालत्या गाडीत वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत तो पंख्यालाच ओढावा लागतो. घाटात, एक्स्प्रेसवेवर, भरल्या गाडीत तापते तर पाण्याच्या फिरण्यात अडथळा आहे: रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट (पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारा-मिटवणारा वॉल्व्ह), पंपाची पाती, नाहीतर गॅस्केट. सुरू केल्यावर पाच मिनिटांतच उकळते तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा आत पाणीच नाही. आणि हीटर चालू करूनही गार हवा येत असेल, तर हीटरच्या जाळीपर्यंत पाणी पोहोचत नाही. तिथे हवा भरलीय किंवा पातळी खाली गेलीय.

या गाडीचं उत्तर घाटाच्या बाजूचं होतं. त्यातच दोन गोष्टी सहज बोलण्यात निघाल्या, ज्या कोणी तक्रार म्हणून सांगत नाही. मायलेज वर्षभरात सोळावरून साडेबारावर आलं होतं, आणि डिसेंबरात महाबळेश्वरला हीटर कोमटच राहिला होता. तापणाऱ्या गाडीचा हीटर कोमट का असेल? हा प्रश्न आम्ही कागदावर वर लिहून ठेवला. पुढचं सगळं काम त्याच्याभोवतीच फिरलं.

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबून निदान होत नाही. बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांमध्ये तो मध्यावरून हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. काही गाड्यांत तर काटाच नाही, निळा आणि लाल असे दोन दिवेच आहेत. म्हणून ओबीडी सॉकेटला (गाडीतल्या तपासणीच्या जोडणीला) ब्लूटूथ अडॅप्टर लावून कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान थेट ईसीयूकडून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडून, मोबाइलवर घेतलं. बाहेर ३४ अंश, गाडी रात्रभर उभी. सुरू केली तेव्हा आकडा ३१. निरोगी इंजिन गावातल्या आठ-दहा मिनिटांत ८५ च्या आसपास जातं आणि तिथे ठरतं. इथे वीस मिनिटं झाली तरी आकडा ६८ ते ७१ च्या मध्येच. एसी लावला, ७३. सिग्नलला उभी ठेवली, ७६. मग कात्रजचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून: ८४, ९१, ९९, १०६. १०८ ला एसी बंद केला आणि कडेला घेतली.

म्हणजे गाडी तापत होती त्याहून जास्त वेळ ती गारच राहत होती. हीटर कोमट आणि मायलेज कमी, दोन्ही त्यामुळेच. इतक्या कमी तापमानाला इंजिन चालतंय याचा अर्थ थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा तो जागेवरच नाही.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण हा गैरसमज खूप पसरलेला आहे. 'गाडी तापते? मग वॉल्व्ह (म्हणजे थर्मोस्टॅट) काढून टाक, पाणी मोकळं फिरू दे' हा सल्ला हायवेच्या कडेला अजून सर्रास मिळतो. थर्मोस्टॅट इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ते छोट्या वाटेने, म्हणजे बायपासने, परत इंजिनातच फिरवतो. ८२ अंशांना (काही इंजिनांत ८८ ला) आतलं मेण वितळून फुगतं, दांडा सरकतो आणि रेडिएटरची वाट उघडते. पण ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला दुसरी चकती असते, तिथे तोच दांडा त्याच वेळी बायपासची वाट बंदही करतो. थर्मोस्टॅट काढला की रेडिएटरची वाट कायमची उघडी राहते, आणि बायपासचीही. पाण्याला मग सोपी वाट सापडते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाण्यापेक्षा त्यातला मोठा हिस्सा न थंडावता परत इंजिनात शिरतो. गावात उष्णता कमी तयार होते, तेव्हा एवढ्यानेही भागतं, उलट इंजिन प्रमाणाबाहेर गार राहतं. घाटात, पेट्रोलमधल्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा पाण्यावर येऊन पडतो तेव्हा, अर्ध्यामुर्ध्या पाण्यावर भागत नाही.

टॉप होज (रेडिएटरचा वरचा रबरी पाइप) जिथे इंजिनाला बसतो तिथला दोन बोल्टांचा आउटलेट उघडला. आत थर्मोस्टॅट नव्हता. बसायच्या खोबणीत सिलिकॉनचा लाल थर होता, त्याची एक लोंबती शेपटी पाण्याच्या वाटेत आली होती.

आता त्या तीन पुराव्यांकडे पुन्हा बघू. सत्तर अंशांवर चालणाऱ्या इंजिनात ऑइल नीट तापत नाही. पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरणाऱ्या वायूंमधली वाफ उडून जायच्याऐवजी वरच्या गार झाकणाला लागून पाणी होते, ऑइलमध्ये घुसळली जाते आणि साय जमते. डिपस्टिकवर, म्हणजे खालच्या साठ्यात, ती साय नव्हती. कूलंट खरोखर ऑइलमध्ये उतरत असेल तर डिपस्टिकही दुधाळ येते आणि पातळी वर चढलेली दिसते. सकाळचा पांढरा धूर दोन-तीन किलोमीटरमध्ये विरत होता, तो सायलेन्सरमधलं साचलेलं पाणी होतं. गॅस्केटचा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही आणि त्याला गोडसर वास असतो. राहिला तिसरा पुरावा, कमी होणारं पाणी. तो खरा होता, त्याचा छडा लावायचा होता.

पण अंदाजावर हेड वाचवणंही तितकंच चूक, जितकं अंदाजावर ते उघडणं. म्हणून दोन चाचण्या केल्या. पहिली निळ्या द्रवाची. एक्स्पान्शन टाकीतली पातळी सिरिंजने थोडी उतरवली, कारण कूलंट त्या द्रवाला लागलं तर चाचणी वाया जाते. नळी टाकीच्या तोंडावर घट्ट धरली, इंजिन गरम होऊन चालू असताना रबरी फुग्याने वरची हवा दोन मिनिटं द्रवातून ओढली. गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने द्रव पिवळा पडतो. तो निळाच राहिला. दुसरी, कॉम्प्रेशनची. चारही प्लग काढले, इंधन आणि स्पार्क बंद केले, थ्रॉटल पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला: १२.४, १२.२, १२.३, १२.१ किलो. दोन शेजारच्या सिलिंडरांत पडझड नाही, एकूण फरक अर्ध्या किलोच्याही आत. त्या क्षणी हेड उघडायचा विषय संपला.

मग पाणी जातं कुठे? हातपंपाचा प्रेशर टेस्टर टाकीच्या तोंडाला लावला. हे काम थंड इंजिनावरच करायचं, आणि झाकणावर छापलेल्या दाबाच्या वर पंप मारायचा नाही. इथे छाप १.१ बारचा होता. १.१ पर्यंत नेलं आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांत ०.९५. कुठेही टिपका नाही, होजच्या क्लिपा कोरड्या. टॉर्च आणि छोटा आरसा वॉटर पंपाच्या खाली नेला तेव्हा पुलीच्या मागे, पंपाच्या पोटाला असलेल्या बारीक छिद्राभोवती पांढरट-हिरवट खपली दिसली आणि तिच्या टोकाला एक थेंब. हे छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचं आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याआधी तिथून बाहेर पडतं. घरंगळलेला थेंब खालच्या प्लॅस्टिकच्या ट्रेवर पडून गरम हवेत सुकायचा, म्हणून जमिनीवर डाग नव्हता. ते छिद्र बुजवून गाडी दिल्याचीही उदाहरणं आहेत. तसं केलं तर पाणी थेट बेअरिंगमध्ये जातं आणि पंप रस्त्यात जाम होतो.

पट्टा काढून पुली हाताने हलवली, किंचित खेळ होता. पंप बदलायचाच.

दुसरी गळती टाकीच्या झाकणातून होती. टेस्टरच्या अडॅप्टरवर झाकण लावून पंप मारला तर १.१ ला उघडायला हवं ते ०.४ लाच सुसकारलं. रबरी कडेला नखाने ताणल्यावर उभी चीर दिसली. या वीस-तीस ग्रॅमच्या वस्तूचं काम मोठं आहे. साधं पाणी १.१ बार दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास उकळतं, ०.४ ला मात्र ११० च्या आधीच. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) असेल तर त्यात आठेक अंशांची भर पडते. हेडमधल्या एक्झॉस्ट वॉल्व्हजवळच्या जागा सेन्सरच्या आकड्यापेक्षा बऱ्याच गरम असतात. तिथे वाफेचे फुगे आधी धरतात, वाफ उष्णता नेत नाही, धातू आणखी तापतो. म्हणजे झाकण कमजोर असेल तर १०८ हा आकडा १०८ राहत नाही, तिथून उकळी सुरू होते आणि पाणी टाकीच्या ओव्हरफ्लोतून वाफ होऊन निघून जातं.

आतलं पाणी काचेच्या बरणीत काढलं: चहासारखं तांबूस, तळाशी गाळ. रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवला तर ग्लायकॉल जेमतेम पंधरा टक्के. विचारल्यावर कळलं, पातळी उतरली की सोसायटीच्या बोअरचं पाणी घालत होते. इथे साखळी पूर्ण जुळली. झाकणाचं रबर गेलं, पाणी उडू लागलं. भरताना बोअरचं जड पाणी गेलं, त्यातल्या क्षारांचं खवलं नळ्यांत बसू लागलं. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ होत गेली, तसा ब्लॉकच्या बिडाला गंज चढला. गंजाचा गाळ पंपाच्या सीलवर आणि थर्मोस्टॅटच्या दांड्यावर गेला. थर्मोस्टॅट अडकला तेव्हा तो काढून टाकला गेला. आणि तरीही घाटात तापतेच म्हणून शेवटी हेडवर बोट ठेवलं गेलं.

रेडिएटरची तपासणी इन्फ्रारेड थर्मामीटरने केली. चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र खोटं, कमी तापमान दाखवतं. म्हणून फिन्सवर चार-पाच ठिकाणी काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे चिकटवले आणि टेपवरच नेम धरला. आत येणाऱ्या बाजूला ९०, वरचे दोन तृतीयांश ८२ ते ७४ असे सावकाश उतरत गेलेले, आणि खालची सगळी पट्टी ५१. एवढा एकदम तुटलेला आकडा म्हणजे त्या नळ्यांतून पाणी जातच नाही. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी डाग सोडवून काढता यायची, नळ्यांत पट्टी फिरवून खवलं साफ व्हायचं आणि परत डाग मारून रेडिएटर दहा वर्षं चालायचा. अॅल्युमिनियमच्या पातळ नळ्या आणि वर चेपून बसवलेली प्लॅस्टिकची टाकी असलेल्या आताच्या रेडिएटरला ते मानवत नाही. टाकी पुन्हा चेपली की थोड्या महिन्यांत कडेने झिरपते. बदललेला बरा.

पुढचं बंपर काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये दोन बोटांची फट असते. तिथे धूळ, पाखरांची पिसं आणि उसाच्या पाचटाचे तुकडे मिळून गोधडीसारखा थर बसला होता. बाहेरून बघताना कंडेन्सर स्वच्छ दिसतो, त्यामुळे हा थर वर्षानुवर्षं कोणाला सापडत नाही. एसीचे पाइप न उघडता कंडेन्सर दोरीने पुढे बांधून ठेवला आणि आतल्या बाजूने बाहेर असं साध्या नळाच्या दाबाने धुतलं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने फिन्स आडव्या होतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते. रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या गळून गेल्या होत्या, त्या नव्या लावल्या. पट्ट्या नसल्या की वारा रेडिएटरमधून जाण्याऐवजी बाजूने निघून जातो. किरकोळ वाटतं, पण घाटात दोन-तीन अंशांचा फरक एवढ्यावर पडतो.

पंखा 'डायरेक्ट' केलेला होता. इग्निशन चालू की पंखा चालू, रिले नाही, फ्यूज नाही, आणि तार हेडलॅम्पच्या जाडीची. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना पंख्याच्या कनेक्टरवर मीटरने १०.६ दाखवले. तीन व्होल्ट तारेतच जळत होते, तिचं प्लॅस्टिक मधेच मऊ होऊन बोनटच्या पट्टीला चिकटलं होतं. पंखा अखंड फिरत होता, पण अर्ध्या दमाने. मूळ वायरिंग शोधलं तेव्हा लो-स्पीडचा रेझिस्टर तुटलेला निघाला, हाय-स्पीडचा रिले ठीक होता. नवा रेझिस्टर बसवला, डायरेक्टची तार उपटून काढली. पुन्हा मोजलं: १३.३ व्होल्ट. पंखा तपासायचा सोपा मार्ग म्हणजे एसी लावणे. बहुतेक गाड्यांत एसी लागताच लो-स्पीड सुरू व्हायला हवा. नाही झाला तर आधी फ्यूज, मग शेजारचा तसाच रिले अदलाबदल करून बघणे, मग मोटरला थेट बॅटरीवरून जाड तारेने १२ व्होल्ट देणे. मोटर फिरली तर दोष मागे, वायरिंगच्या बाजूला आहे.

आता बांधणी. आधी आतून धुणं. थर्मोस्टॅट नसल्याने फ्लश करायला सोयच झाली. बॉटम होज (रेडिएटरचा खालचा पाइप) सोडून पाणी काढलं, डिस्टिल्ड पाणी आणि फ्लशिंगचं द्रावण घातलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन वीस मिनिटं चालवलं, थंड होऊ दिलं, काढलं. मग नुसतं डिस्टिल्ड पाणी घालून तीन फेऱ्या, बरणीतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. हे सगळं जुन्या रेडिएटरवर आणि जुन्या पंपावर केलं, म्हणजे निघालेला गाळ नव्यात जात नाही. या कामाला संडास धुवायचं अॅसिड वापरतात असं ऐकायला मिळतं. ते हेडचं अॅल्युमिनियम खातं आणि गॅस्केटच्या कडा कुरतडतं. कृपा करून वापरू नका.

पंप या इंजिनात बाहेरच्या पट्ट्यावर चालतो, टायमिंगला हात लावावा लागला नाही. ज्या इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर आहे तिथे बेल्ट आणि टेन्शनरही त्याच वेळी बदलावेत, कारण मजुरी एकदाच लागते. जुना पंप बाहेर आला तेव्हा त्याची पत्र्याची पाती कडांना उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती, एक पातं निम्मंच उरलं होतं. ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढलं. ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून घासलं तर बसायच्या पृष्ठभागात खळगे पडतात. नवं गॅस्केट कोरडंच बसवलं, ६ मिलीमीटरचे बोल्ट समोरासमोर अशा क्रमाने १० न्यूटन-मीटरला आवळले. सिलिकॉनचा जाड थर नको. आत दबलेला सिलिकॉन तुटून पाण्यासोबत जातो आणि नव्या रेडिएटरची नळी बंद करतो.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात उकळून बघितला, आणि हे दरवेळी करावं. दोऱ्याने मधोमध टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. छाप ८२ चा होता. ८२ ला दोरा सुटला (वॉल्व्हच्या फटीत दोऱ्याचं टोक अडकवलं की उघडायचा क्षण नेमका कळतो), ९५ ला ८ मिलीमीटर उघडला, गार होताना ७८ च्या आत पूर्ण मिटला. बसवताना त्याच्या कडेचं बारीक डुगडुगणाऱ्या पिनेचं छिद्र वरच्या बाजूला ठेवायचं, हवा तिथून निसटते. खोबणीतला लाल सिलिकॉन काढून नवी रबरी रिंग लावली.

कूलंट भरताना एक हिशेब नेहमी चुकतो. या गाडीची एकूण क्षमता साडेचार लिटर. पण सगळं सोडून दिलं तरी ब्लॉकच्या आणि हीटरच्या पोटात सुमारे एक लिटर फ्लशचं पाणी उरतंच. आधीच निम्मं-निम्मं मिसळून आणलेलं कूलंट ओतलं, तर त्या पाण्याने ते चाळीस टक्क्यांच्याही खाली जातं. म्हणून आधी निखळ कॉन्सन्ट्रेट, एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे सव्वादोन लिटर, आणि मग जितकं मावेल तितकं डिस्टिल्ड पाणी. ते सुरुवातीला ९०० मिली मावलं. डब्यावर जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ असं मानक लिहिलेलं बघून घ्यावं. रंगावर जाऊ नये. हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांच्या मर्जीचे रंग आहेत, आतलं रसायन त्यावरून ठरत नाही. सेंद्रिय आम्लाचं दीर्घायुषी कूलंट आणि जुन्या पद्धतीचं सिलिकेटचं कूलंट एकत्र केलं तर गंजरोधक गुण लवकर संपतात, कधीकधी शेवाळासारखे गोळेही धरतात. पुण्याला पाणी गोठायचं भय नाही, म्हणून कूलंट कशाला, असा प्रश्न येतो. गोठण्यासाठी नाही, गंज आणि खवलं थांबवण्यासाठी आणि उकळबिंदू वर नेण्यासाठी ते लागतं.

मग हवा काढणं. या टप्प्यावर घाई झाली की चांगलं काम वाया जातं. गाडीचं तोंड रॅम्पवर वर घेतलं, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर कमी वेगावर. सावकाश ओतत होज हाताने दाबत राहिलो, बुडबुडे येत गेले. ब्लीड स्क्रूमधून (हवा सोडायच्या स्क्रूमधून) सलग धार आल्यावर तो बंद केला. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं: ८३ ला बॉटम होज गार होता, ८७ ला कोमट झाला, ८९ ला हात टेकवेना. म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पंखा दोनदा चालू-बंद होऊ दिला, केबिनमध्ये कडक गरम हवा आली, मग नवं १.१ चं झाकण लावलं. रात्रभर थंड झाल्यावर पातळी खाली बसली होती, ३५० मिली डिस्टिल्ड पाणी आणखी लागलं. रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर पन्नास टक्के.

हवा आत राहिली तर सेन्सरचं टोक वाफेत उघडं पडतं आणि तो कमी आकडा दाखवतो. घाटात काटा वर जाता जाता एकदम खाली कोसळला तर गाडी गार झाली असं समजू नये, पाणी संपल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी लगेच बंद करावी. काटा नुसता चढत असेल, वाफ नसेल, तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, खालचा गिअर, आणि जागा मिळताच कडेला. थांबल्यावर आकडा उतरत असेल तर दोन मिनिटं आयडलवर ठेवावी, म्हणजे पाणी फिरत राहतं. वाफ असेल तर त्या क्षणी बंद. झाकणाला पाऊण तास हात लावायचा नाही. दाबाखालचं ११० अंशांचं पाणी झाकण उघडताच फवाऱ्यासारखं उडतं आणि चेहरा, हात भाजतात. बाटलीतलं गार पाणी तापल्या हेडवर ओतणंही टाळावं, अॅल्युमिनियमला तडा जातो.

गॅस्केट खरोखरच गेलेलं असतं तर काम वेगळं झालं असतं. हेड काढून सरळ पट्टी आणि फीलर गेजने सहा दिशांना मोजायचं. बऱ्याच छोट्या इंजिनांत ०.०५ मिलीमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. फेसिंग मारताना (हेडची खालची बाजू घासून सपाट करताना) हेडची किमान उंची बघायची, बोल्ट नवे, आवळणं मधून बाहेर अशा क्रमाने, आधी टॉर्क आणि मग अंशांनी. कारण न शोधता नुसतं गॅस्केट बदललं असतं, तर थर्मोस्टॅटविना आणि एक तृतीयांश बंद रेडिएटरवर तेही पुढच्याच घाटात गेलं असतं.

चाचणीसाठी आधी खंबाटकी आणि मग वाईहून पसरणी घाट निवडला. पसरणीत वेग कमी, गिअर दुसरा, वारा जवळजवळ नाही, म्हणजे पंखा आणि रेडिएटर दोघांचीही खरी कसोटी. बाहेर ३६ अंश, चार माणसं, एसी चालू. सपाटीवर आकडा ८६ ते ८९. खंबाटकीच्या माथ्यावर ९३. पसरणीत मधल्या वळणांवर ९७ ला पंखा हाय-स्पीडवर गेला, ९४ ला उतरला, पुन्हा चढला. त्याच्या वर एकदाही नाही. पाचगणीला टेबल लँडच्या पायथ्याशी दहा मिनिटं आयडलवर उभी ठेवली: ९१ ते ९६.

हजार किलोमीटरनंतर पुन्हा बघितली. थंड इंजिनावर पातळी खुणेच्या रेषेवर, पंपाच्या छिद्राभोवती कोरडं, होजच्या क्लिपा पाव फेरी आवळल्या. ऑइल बदलताना वरच्या झाकणाची साय पुसून ठेवली होती, ती परत आली नव्हती. मायलेज साडेपंधरा. हेडचे बोल्ट कारखान्यातून आले तसेच आहेत.